तालामागून येणारं उत्तर

"हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार. खुशाल काढा," बेसवाल्यांनी रेडिओवाल्या मुलीला आधीच बजावलं. "फक्त ते यंत्र बंद करू नका."

मुलीनं रेकॉर्डर बशीशेजारी ठेवला. कार्यक्रम बाईंवर होता. बाई म्हणजे देशोदेशी गाजलेल्या जॅझ गायिका. नुकत्याच वारल्या होत्या. समोर चहा गाळत होती ती बाईंची धाकटी बहीण. ती बेसवाल्यांना 'दादा' म्हणायची. 'भावोजी' ऐकायला त्यांचे कान आसुसले होते; बाईंच्या मागं उभं राहून उभी हयात बेस हे पुरुषभर उंचीचं तंतुवाद्य वाजवलं ते त्याच आशेवर.

"बाईंची खुबी एकच. तालाच्या मागून गायच्या. ठोका पडून जायचा, मग चपला शोधून आल्यासारखा सावकाश शब्द यायचा. लोकांचा जीव टांगणीला! नाव झालं तसा उशीरही वाढला. एकदा आम्ही गाणं संपवलं, वाद्यं खोळीत घातली, तरी बाई दुसऱ्याच कडव्यात. ड्रमवाला घरी जाऊन जेवून आला, तेव्हा कुठं शेवटची ओळ. परदेशात तर ती ओळ आली तेव्हा आमचं जहाज बंदराबाहेर पडलं होतं. किनाऱ्यावरून टाळ्या ऐकू आल्या."

"मग?"

"मग मी लग्नाचं विचारलं. रंगमंचामागं, बेस भिंतीला टेकवून. बाई काही बोलल्या नाहीत. मी ओळखलं, ठोका पडलाय, शब्द मागून येतोय. थांबलो."

"पण त्या तर गेल्या, काका."

"त्या गेल्या. उत्तर निघालंय. वाटेत असेल."

मुलीनं डोळे टिपले. बेसवाल्यांनी हळूच बहिणीकडे पाहिलं. एकदा हे रेडिओवरून गेलं की सारं जग त्यांना बाईंचा होऊ घातलेला नवरा म्हणणार. मग हिचा काय पाड? हिलाही भावोजी म्हणावंच लागेल.

बहिणीनं गाळणी आपटली.

"साफ खोटं, दादा! पडद्याआड मी ताईचे बूट पुसत बसले होते. तुमच्या तोंडून 'लग्न' पुरतं बाहेर पडायच्या आत ती 'नाही' म्हणाली. जन्मात एकदाच ताई तालाच्या पुढं गेली, तेही तुमच्यापायी!"