दिव्याचं तेल

शेंगदाण्याचा एक दाणा पोटात गेला तरी माझी लता मरेल. हे सात वर्षांत मी इतक्या जणांना सांगितलंय, की आता सांगताना रडू येत नाही, नुसता कंटाळा येतो. दाण्यानं कुणी मरतं होय, असं लोक विचारतात. चार वर्षांची असताना तिनं कूट घातलेली कोशिंबीर खाल्ली, ओठ सुजले, गळा आवळत गेला. सरकारी दवाखान्यात तिचा श्वास परत येईपर्यंत मी दाराशी उभी होते. डॉक्टरसाहेबांनी सरकारी उर्दूत चिठ्ठी दिली, मूंगफली मना, म्हणजे शेंगदाणा बंद. ती मी देवघरात ठेवलीय. देव तरी वाचतात की नाही कोण जाणे.

कूट निदान डोळ्यांना दिसतं. खरी पंचाईत तेलाची. आमच्याकडे चिरलेल्या कांदा-काकडीवर करडीचं कच्चं तेल ओतल्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही, आणि बाटलीत भरलं की सगळी तेलं सारखीच पिवळी. म्हणून मी लातुरात चांदपाशाच्या लाकडी घाण्यावर जाऊन बसते. शहाणी त्यानंच केली मला. एकदा बाटली पुढं केली तर म्हणाला, "आक्का, ही धार घेऊ नका. सकाळी घाण्याला शेंगा होत्या. लाकूड तेल पिऊन बसतंय, मंग करडीत सोडतंय." घाण्यात बी बदललं की पहिली धार मारुतीच्या आणि दर्ग्याच्या दिव्याला, अशी सगळ्याच घाण्यांवरची रीत. दिव्याला काही होत नाही. मी मात्र तिसरा घाणा निघेपर्यंत बसून राहते, आणि लता माझ्या शेजारी.

वैशाखात नांदेडला दादाच्या मुलाची मुंज निघाली. कुठंही गेलं तरी माझी बाटली बरोबर असते, आणि "आल्या बाई बाटली घेऊन" हेही ठरलेलं असतं. या खेपेला ती मोटारीतच फुटली. पिशवीतून तेल गळताना बघून मला वाटलं, इथंच उतरावं आणि मागं फिरावं.

घरात पाऊल टाकलं तशी सौदामिनीवहिनी बाटली घेऊनच पुढं आली.

"वन्सं, घोर करू नका. लतीसाठी मी आधीच आणून ठिवलंय, करडीचं. घाणेवाल्याला म्हणलं, लेकराच्या जिवाचं हाय, देवाच्या दिव्याचं तेवढं दे. लई मिनत्या केल्या तवा दिलं."

देवाच्या दिव्याचं. शब्द मी ऐकले. पण सात वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी माझ्या लेकीसाठी पायपीट केली होती. मला भरून आलं. वहिनीचे हात धरले आणि जे विचारायचं ते विचारलंच नाही. आज माझ्याऐवजी कुणीतरी बघितलंय, आज मी नुसती जेवणार, एवढंच डोक्यात होतं.

ताटं वाढली. वहिनीनं स्वतःच्या हातानं लताच्या काकडीवर तेल ओतलं. मी माझा घास मोडला. लतानं घास उचलला आणि तो तोंडाशीच थांबवला.

"मामी, घाण्यात ह्याच्या आधी काय होतं?"

"शेंगा होत्या की. का गं?"

लतानं घास ताटात ठेवला. ताट सरकवलं, बोटं पाण्यानं धुतली, माझ्या पदराला न पुसता वाळू दिली. वहिनीनं बाटली छातीशी धरली. "देवाचं तेल ना गं ते," एवढंच म्हणत राहिली.

"चांगलंच हाय मामी. मला तेवढं चालत न्हाई."

आपल्यापेक्षा लहान कुणाची समजूत काढावी तशी ती बोलली. रडली नाही, घाबरली नाही. सगळे म्हणाले, पोर हुशार, आईवर गेली. मला मात्र तिच्या त्या आवाजात माझा कंटाळा ऐकू आला, आणि तिचं वय अकरा. मी सात वर्षांनी एकदा थकले, तर बघायला ती होती. ती थकेल तेव्हा तिच्याजवळ कोण असेल?

मी उठले आणि तिच्यासाठी कोरडी भाकरी आणायला आत गेले. मागून ती म्हणाली, "आई, पीठ मळलेली परात लाकडाची न्हाई ना, ते बघून घे."