देठ गुळगुळीत की केसाळ

मागच्या अंगणातल्या गवतात लेकीने पिवळं रानफूल तोंडात कोंबलं, तसं आईने धावत जाऊन तिला कडेवर उचललं. तसलंच दुसरं फूल खुडून तिने मोठ्या नणंदेला फोटो पाठवला आणि लगोलग फोन लावला. नणंद कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

"ताई, हे फूल कोणतं? लवकर सांगा."

"बटरकपच्या कुळातलं दिसतंय. पण अगं, या कुळात सगळी एकमेकांसारखीच. देठ गुळगुळीत आहे की केसाळ?"

"केसाळ. नाही, गुळगुळीत. म्हणजे थोडं थोडं दोन्ही."

"पाकळ्यांखालची हिरवी पानं वर चिकटलीत की खाली वळलीत?"

एक वर होतं, एक खाली. कडेवरची लेक फोन ओढत होती. आईला काही सुधरेना. "ताई, त्यातलं विषारी कोणतं, तेवढं सांगा."

"कमीअधिक सगळीच. पण तुला कधीपासून फुलांची एवढी आवड?"

"आवड कसली, छोटीने खाल्लंय."

"अगं बाई, मग हे आधी सांगायचं की नाही? तोंड धू तिचं, आणि डॉक्टरांना विचार."

तोंड धुताना सगळा चोथा लाळेऱ्यात सापडला. जीभ चुरचुरल्यावर पोरीने तो थुंकून टाकला होता. ओठ मात्र लालसर दिसत होते. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि या खेपेला पहिल्याच वाक्यात खाल्ल्याचं आणि थुंकल्याचं सांगितलं.

"फूल कोणतं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बटरकपच्या कुळातलं," ती म्हणाली आणि घाईघाईने पुढे म्हणाली, "देठाचं मात्र विचारू नका."