तांदळाएवढा तुकडा

बिलियाना नऊ वर्षांची, पण बडबड अशी की वार्ना शहरातल्या इस्पितळात आल्या आल्या सफाईवालीसुद्धा तिची मैत्रीण झाली.

"गाठ मेंदूच्या देठात आहे, काढता येणार नाही," डॉक्टर स्टोयनेवांनी तिच्या आईला, झोर्नित्साला, सांगितलं. "सुईनं तांदळाएवढा तुकडा घेऊ. मग ती कुठल्या जातीची ते कळेल. एका जातीवर औषध आहे."

"आणि दुसरी निघाली तर?"

"तर औषध नाही. शिवाय ताई, बोलण्याच्या नसा तिथंच आहेत. आवाज जाऊ शकतो."

पण औषधाची आशा असताना हातावर हात धरून कुठली आई बसेल? झोर्नित्सानं हो म्हटलं.

तुकडा घ्यायच्या दिवशी सकाळी नर्स दोन्का कात्री घेऊन आली. पोरीच्या मनगटावर एक मार्चला बांधलेला लाल-पांढरा दोरा होता; तिथल्या रीतीप्रमाणे वसंतातला पहिला करकोचा दिसेपर्यंत तो काढायचा नसतो.

झोर्नित्सा आडवी आली. "हात लावू नका! अजून करकोचा दिसलेला नाही. आधी काढला तर आजार पाठ सोडत नाही."

"अहो, माझ्याही हातात आहे की! पण ऑपरेशनच्या खोलीत धागा चालत नाही, मी तरी काय करू?"

"आई, मला दिसला करकोचा," बिलियाना म्हणाली.

"कधी गं?"

"मगाशी, तू तोंड धूत होतीस तेव्हा. खिडकीसमोर उभा होता, एका पायावर, ऐटीत! काप गं दोन्कामावशी."

खिडकीसमोर नुसती भिंत होती. पोर आपल्यालाच धीर देतेय हे कळून झोर्नित्साला भडभडून आलं.

"हो, मीपण पाहिला," ती म्हणाली आणि दोरा तिनं स्वतःच सोडला.

तुकडा मिळाला. बिलियाना शुद्धीवर आली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. दिवस गेले, तरी फुटेना. मग तपासणीचा निकाल आला. दुसरी जात.

"म्हणजे गाठीचं नुसतं नाव कळलं?" झोर्नित्सानं विचारलं.

"हो."

"आणि तिचा आवाज?"

डॉक्टरांना मान वर करवेना. "परत येईलसं वाटत नाही."

"नाव घेऊन मी काय करू हो? होते तेवढे दिवस बोलली तरी असती माझ्याशी! मीच घालवलं ते." ती ढसाढसा रडली.

मग डोळे पुसून ती खोलीत गेली. बिलियाना दाराकडेच बघत होती. आई दिसताच तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"आले गं, आले," झोर्नित्सा म्हणाली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.