वाढलेले दोन किलो

मित्रांनो, मी कोल्हापुरातल्या एका तालमीचा म्हातारा वजनकाटा आहे. माझी गोल तबकडी आता पिवळी पडली आहे. एके काळी माझा काटा पुढे सरकला की पोरं शिट्ट्या मारत. वजन घटलेला पैलवान मान खाली घालून उतरे. पुढे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात पडलो. वर्षभर कोणी माझ्यावर पाय ठेवला नाही.

तिथून मला घरी आणलं ते त्याच तालमीत पोरांना कुस्ती शिकवलेल्या जयसिंग वस्तादांनी. त्यांचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ''सपाटीवर चाला, पण बोलता येईल इतकंच. दम लागला की बसा. जड उचलू नका. रोज सकाळी वजन करा, आणि एकाएकी वाढलं तर लगेच या. अंगात पाणी साठतं.''

त्यांनी सगळं नीट ऐकलं होतं. पण पैलवानाच्या घरात वाढलेल्या वजनाला कोण भिणार?

तीन दिवसांत काटा दोन किलो पुढे गेला.

''अवो, दोन किलो वाढलं की!'' शेवंताबाई हरखल्या आणि नवऱ्यासाठी बदाम भिजत घालायला आत गेल्या.

''मग! अंगात बळ भराय लागलंय,'' वस्ताद म्हणाले.

त्यांची सुजलेली पावलं मला कळत होती, पण मला बोलता कुठे येतं? त्यांनी कोपऱ्यातलं व्यायामाचं जड लाकडी मुद्गल उचललं. दोनदा फिरवलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. धाप लागून बोलता येईना. शेजारच्या राजवीरनं रिक्षातून दवाखान्यात नेलं. नऊ दिवस मी शून्यावर बसून होतो. माझा जीव इतका टांगणीला कधी लागला नव्हता.

ते परत आले. पाणी उतरलं होतं, अंगही उतरलं होतं. आता ते गल्लीतल्या विजेच्या खांबापर्यंत सावकाश जातात, तिथल्या कट्ट्यावर बसतात आणि परत येतात. शेवंताबाईंचे गुडघे धरलेत, त्या उंबऱ्यातूनच बघतात. तालमीतलं कोणी फिरकत नाही. थकलेल्या वस्तादाशी काय बोलावं, हे त्यांना समजत नसावं.

रोज सकाळी शेवंताबाई वाकून माझी तबकडी वाचतात.

''तेवढंच हाय.''

''बरं झालं,'' वस्ताद म्हणतात, आणि मग चहा होतो.

मित्रांनो, तुमच्या घरात असं कोणी असेल तर नुसता आकडा वाचू नका. पावलं सुजलीत का बघा, दम कुठे लागला ते विचारा. आणि जमलं तर बरोबर चाला. तो खांब काही लांब नाही, पण वस्ताद तिथवर एकटेच जातात. मला चालता आलं असतं, तर मीच गेलो असतो.