पेटीखालची मोहरी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या गुळगुळीत फरशीवर दगडांनी भरलेली लोखंडी पेटी आणि पेटीमागे महाराज. "तुझं दुखणं या पेटीत उतरवलंय. ढकल!"

समोर बसलेल्या बाईंच्या थोरल्या बहिणीने, ताईने, जीव खाऊन ढकललं. पेटी ढिम्म. मग महाराजांच्या सांगण्यावरून तिने रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या पायाशी टाकल्या. महाराजांनी डोळे फिरवून मूठ मूठ मोहरी फेकली, शिष्यांनी पेटी उचलून त्या मोहरीवर ठेवली. ताईने नुसता हात टेकला आणि पेटी सुळकन सरकली!

"पळालं दुखणं! आता गोळीला शिवलीस तर दुपटीने परत येईल हो!"

लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्याच आठवड्यात त्यांनी पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली पेन्सिली ठेवून मुलांना घर्षण दाखवलं होतं. पाणी कुठे मुरतंय ते त्यांना जागच्या जागी कळलं. पण ताई किती दिवसांनी हसत होती! उद्या सांगू, असं म्हणता म्हणता उद्याचा परवा झाला, आणि एका सकाळी ताई ओट्यापाशी कोसळली. डावी बाजू लुळी पडली.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं. बाईंना मान वर करवेना.

पुढच्या सभेत मोहरी पडली, पेटी ठेवली गेली, आणि एक आजोबा आपल्या गोळ्या महाराजांच्या पायाशी टाकून ढकलायला वाकले, तोच बाई झाडू घेऊन मंचावर चढल्या. शिष्य धावले, पण आजोबाच म्हणाले, "अरे, बघू तर द्या!" सभेतल्या चौघांनी पेटी उचलली. बाईंनी मोहरी झाडून काढली.

"आता महाराज, तुम्हीच ढकला. तुम्हाला तर कसलंच दुखणं नाही ना?"

महाराज घामाघूम झाले. पेटी तसूभर हलली नाही.

बाईंनी पुन्हा मोहरी पसरली, पेटी वर ठेवायला लावली आणि एका हाताने सरकवली. "दाणे खाली घरंगळतात, घर्षण कमी होतं, म्हणून कमी जोर लागतो. दुखणं होतं तिथेच आहे, आजोबा. गोळ्या उचला."

आजोबांनी उचलल्या. बाईंच्या मनावरचं ओझं मात्र तसंच राहिलं.

"तुला त्याच दिवशी कळलं होतं?" घरी सगळं ऐकल्यावर ताईने अडखळत विचारलं.

"हो. पण तू हसत होतीस गं."

ताईने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. "मला रडवलं असतंस तरी चाललं असतं."

घर्षणाचा धडा आला की बाई आता मुलांना एवढंच सांगतात, "चमत्कार दिसला की आधी खाली वाकून बघा. आणि कळलं, तर बोलणं उद्यावर टाकू नका."