शेरीगारांच्या दातांची राखण

कोरगप्पा शेरीगार यंदा रथोत्सवात सनईच्या जातीचं नागस्वर वाजवणार की नाही, हा प्रश्न गावात सगळ्यांना पडला होता. तोंडावर विचारायची हिंमत मात्र कुणाची नव्हती. माणूस तापट. तीस वर्षांत देवळातल्या पहाटेच्या पूजेला त्यांनी एकदाही खाडा केला नव्हता. पण गेल्या दिवाळीपासून सकाळी उठलं की जबडा असा आवळलेला असे, की वाद्याची पत्ती ओठांत धड बसत नसे. वाजवत ते, पण सूर फाटत होता, आणि ते त्यांना इतरांच्या आधी कळत होतं.

शेवटी ते कारकळला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर हेब्बार वयाने मुलासारखे, पण हाताला गुण होता. त्यांनी सांगितलं, “अण्णा, तुम्ही झोपेत दात खाता. दाढा झिजल्यात.” मग माप घेऊन वरच्या दातांवर बसेल असं एक पारदर्शक कवच करून दिलं. रोज झोपताना ते घालायचं. तीन आठवड्यांत जबडा मोकळा झाला, सूर जागेवर आला. कोरगप्पा खूश होते. सकाळी उठल्यावर ते कवच धुऊन फळीवर, नागस्वराच्या शेजारी ठेवत.

तिथेच घोळ झाला. रथाला पाच दिवस उरले होते, घराची साफसफाई चालली होती. त्यांच्या बायकोने, गुलाबीने, ते कवच उचललं आणि न्हाणीघरातल्या उकळत्या हंड्यात सोडलं. वर तुळशीची चार पानं टाकली. बाहेर काढलं तेव्हा ते तळलेल्या पापडासारखं वाकडं झालं होतं.

“हे काय केलंस?”

“शुद्ध केलं. रात्रभर तोंडात असलेलं उष्टं, आणि ठेवता कुठे, तर देवापुढच्या वाद्याशेजारी!”

“अगं, रथ पाच दिवसांवर आलाय, आणि तू माझे दात उकळलेस!”

कारकळच्या बसमध्ये ते तिच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. गुलाबी सगळा रस्ता डोळे पुसत होती.

डॉक्टरांनी कवच हातात फिरवलं, नाकाशी नेलं आणि खो खो हसले. “तुळस का, अक्का? काळजी करू नका. दातांचा साचा माझ्याकडे आहे, परवा नवीन देतो. फक्त हंडा नको. थंड पाणी पुरे.”

कोरगप्पांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी जबडा पुन्हा तपासला आणि सहज विचारलं, “ही सवय किती वर्षांची?”

“मला काय ठाऊक? दिवाळीपासून असेल.”

“एकतीस वर्षांची,” गुलाबी म्हणाली. “लग्न झाल्यापासून.”

“आणि मला कधी बोलली नाहीस?”

“सांगून काय करणार होतात? झोपलेल्या माणसाला काय कळतं! करकर सुरू झाली की मी तुमच्या गालावर हात ठेवायची. नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग करकर थांबायची. पुन्हा सुरू झाली की पुन्हा ठेवायची.” ती ओशाळली. “दिवाळीपासून माझा खांदा उचलत नाही हो. म्हणून राहून गेलं.”

डॉक्टर उगाचच हात धुवायला उठले. कोरगप्पा खुर्चीत तसेच पडून राहिले. लोक त्यांच्या सुरांची वाहवा करत, ती त्यांनी इतकी वर्षं एकट्याने घेतली होती. आणि ही बाई रात्ररात्र जागत होती. बसमधला आपला राग आठवून त्यांना लाज वाटली.

“गुलाबी, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.”

“पुरे हो. डॉक्टर ऐकतायत.”

“ऐकू देत.” त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. “खांद्याचा डॉक्टर कुठे बसतो इथे?”

“समोरच. पण ते आता मंगळवारीच येतील, आणि सकाळी सातला नंबर लावावा लागतो.”

“मंगळवारी रथ आहे,” गुलाबी घाईने म्हणाली. “आणि सातला इथे पोचायचं तर पहाटेची पूजा चुकेल तुमची.”

“रथ संध्याकाळी आहे. तो मी वाजवीन. पहाटेच्या पूजेला माझा धाकटा भाऊ वाजवेल,” कोरगप्पा म्हणाले. “देवाला काय सांगायचं ते मी सांगतो.”