कानात बाबा

“विमानात इअरबड्स घालून बसणं धोक्याचं असतं का? म्हणजे... इअरबड्समध्ये माझे बाबा असले तर?”

अख्ख्या हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या रांगेत लंबू आणि चष्मिस या दोघी मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, कारण पैज त्यांनीच लावली होती. पाहुण्यांना हे विचारून दाखवच, म्हणे! मागच्या वर्षीपर्यंत नुसतं ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज निघायचा नाही, ती मुलगी आज माईक घट्ट धरून उभी होती. क्रीडादिनाला समालोचनाचं काम गळ्यात पडलं आणि तिला शोध लागला की आपल्याला आवाज आहे, तोही चांगला खणखणीत. तेव्हापासून तिचं नाव पडलं भोंगा, आणि तिला ते भयंकर आवडायचं.

पाहुण्या हवाई सेविका होत्या, आपल्या कामाबद्दल सांगायला शाळेत आल्या होत्या. त्यांनी हसू ओसरू दिलं. “बाबा इअरबड्समध्ये कसे शिरले?”

मग भोंग्याला सगळं सांगावंच लागलं. तिचे बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवतात. सुट्टीत ती मावशीकडे जाणार होती, विमानानं, पहिल्यांदाच एकटी. मावशी जनावरांची डॉक्टर. यंदा ती भोंग्याला दवाखान्यात मदतीला उभी करणार होती, पट्ट्या कापायला, चिडलेली मांजरं धरायला. भोंगा त्यासाठी वर्षभर झुरत होती. बाबांनी ‘हो’ म्हटलं खरं, पण अट घालून. त्यांनी सगळ्या सूचना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्या होत्या. ‘पट्टा लावलास? ओढून बघ. आता वेग वाढेल, घाबरायचं नाही. खिडकीकडे बघू नकोस.’ विमान सुटल्यापासून थांबेपर्यंत ते कानात चालू राहिलं पाहिजे. इअरबड्सही त्यांनीच आणले होते, कानात गच्च बसणारे, बाहेरचा आवाज आत येऊच नये असे. अट मोडली तर जाणं रद्द.

“हं,” पाहुण्या म्हणाल्या. “इअरबड्सनी तसं काही बिघडत नाही. मधल्या वेळात खुशाल घाल. फक्त इंजिनाची घरघर दाबायला आवाज वाढवत बसू नकोस, कानांची वाट लागेल. पण वर चढताना आणि खाली उतरताना काढून ठेवलेले बरे. तेव्हा हवेचा दाब बदलत असतो. कान बाहेरून गच्च बंद असेल तर आतली हवा अडकते, दुखू शकतं. थुंकी गिळायची, मोठ्ठी जांभई द्यायची. जोराची सर्दी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि मुख्य म्हणजे काही गडबड झालीच, तर आम्ही काय सांगतोय ते तुला ऐकू आलं पाहिजे. आम्ही, बाबा नाही.”

टाळ्या पडल्या. पैज जिंकली. पण भोंगा मान खाली घालून जागेवर बसली, कारण बाबा सगळ्यात जास्त बोलले होते ते नेमके चढताना आणि उतरताना.

“त्यात काय एवढं?” घरी जाताना चष्मिस म्हणाली. “इथे मान डोलाव, तिथे काढून टाक. त्यांना काय स्वप्न पडणारे?”

“आणि त्यांनी विचारलं तर?”

“तर रडक्या आवाजात सांग, बाबा, तुमच्यामुळे वाचले!”

भोंगा हसली, पण घरी पोचल्यावर तिचा पाय एका जागी ठरेना. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा आत. पाण्याचा ग्लास भरला आणि न पिताच ठेवून दिला. आई मशीनवर गणवेशांच्या चड्ड्यांना शिलाई मारत होती.

“अगं, बस की जरा! तुझ्याकडे बघून माझी टीप वाकडी जातेय.”

बसली. उठली. चष्मिसचं बरोबर होतं, अगदी सोप्पं होतं. पण खोटं बोलून जायचं म्हणजे एकटीनं जाणं झालं का? ते तर चोरून जाणं. विमानात बसेल, मावशीकडे पोचेल, मांजरं धरेल, आणि सगळा वेळ मनात टोचत राहील की घरी जिनं मान डोलावली ती कोणी वेगळीच होती. आणि खरं बोलावं तर बाबा सरळ ‘रद्द’ म्हणतील. म्हणतीलच!

बाबा आले, हातपाय धुतले आणि लगेच खुर्ची ओढली. “चल, विमानात बसायची तालीम करू.”

“आज तुम्ही बसा,” भोंगा म्हणाली. तोंडातून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. “तुम्ही म्हणजे मी, आणि मी विमानातली बाई.”

“चालेल!” बाबा खूश. इअरबड्स कानात दाबून त्यांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात ते स्वतःच्याच सूचनांना मान डोलवायला लागले.

भोंग्यानं क्रीडादिनाचा आवाज काढला. “प्रवाशांनो, कृपया लक्ष द्या! विमान रिकामं करायचं आहे! मागच्या दारानं बाहेर पडा!”

बाबा मान डोलवत होते.

“अहो, उठा!” आईही रंगात आली. “सामान तिथेच ठेवा! अहो!”

खालच्या बिऱ्हाडातून कुणीतरी छताला काठी ठोकली. बाबा ढिम्म. भोंगा पोट धरून हसत होती, तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. उजवा पाय फरशीवर करकचून दाबला होता, बोटं पांढरी पडली होती. शिकाऊ माणूस चुकला की बाबा शेजारी बसून दाबतात, तो ब्रेक. इथे तो नव्हता, विमानातही नसणार होता.

तिचं हसू विरलं. तिनं हलकेच त्यांच्या एका कानातला इअरबड काढला.

“बाबा, विमान रिकामं झालं. तुम्ही एकटेच राहिलात आत.”

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं नुसती मान हलवली. “घसा फुटेस्तोवर ओरडलो आम्ही.”

“पण मग...” बाबांचा आवाज बारीक झाला होता. “माझा आवाज नसेल तर ऐन वेळी तुला सांगणार कोण?”

“तिथली माणसं सांगतील. मला ऐकू येईल ना.”

“आणि तू घाबरलीस तर?”

“तर घाबरेन थोडी.”

माईक नव्हता, मागच्या रांगेत मैत्रिणी नव्हत्या. हे हॉलमधल्यापेक्षा कितीतरी कठीण होतं. ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. विमान चढताना आणि उतरताना मी कानात काहीही घालणार नाही. मधे तुम्हाला ऐकेन, वाटलं तर. जाणं रद्द करायचं असेल तर आत्ताच करा. पण खोटं ‘हो’ म्हणून मी जाणार नाही.”